फुगडीतले ठोके

माझं हृदय मिनिटाला दोनशे चौसष्ट ठोके देतं, ही बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली. आधी ती आरोग्य योजनेच्या कचेरीला कळली, मग माझ्या मुलाच्या फोनला, मग माझ्या स्कूटरला. मी त्या वेळी मंडळाच्या हॉलमध्ये घामानं चिंब होऊन, धाकट्या जावेच्या हातात हात घालून फुगडी खेळत होते आणि माझं झकास चाललं होतं.

खाली येऊन स्कूटर सुरू केली, तर ती पंधराच्या वर पळेना. समोरच्या काचेवर अक्षरं उमटली: 'प्रिय रत्नमाला, तुमच्या हृदयाच्या काळजीपोटी आज वेग कमी ठेवला आहे.' प्रिय रत्नमाला! अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. कोल्हापूर-गारगोटी, कोल्हापूर-राधानगरी, भरल्या गाडीत, उभ्यानं. रत्नमाला सरनोबतनं आवाज दिला की तालमीतले दांडगे पैलवानसुद्धा गपगुमान मागं सरकायचे. मला 'प्रिय' म्हणायची टाप नव्हती कुणाची. त्या दिवशी शाळेतून सुटलेल्या सायकलवाल्या पोरी मला मागं टाकून गेल्या आणि वळून वळून हसल्या.

हे सगळं झालं ते पाटल्यांमुळं.

पाटल्या म्हणजे सोन्याच्या नव्हेत. पूर्वी लोक मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधून नाडी मोजायचे, ते तुम्हाला आठवत असेल. तो पट्टा कातडीवर हिरवा उजेड टाकायचा आणि आतल्या रक्ताच्या लाटा मोजायचा. माणूस बसलेला असला की ठीक. धावायला लागला की हात हलायचे, उजेड हलायचा आणि पट्टा कधीकधी पावलंच नाडी म्हणून मोजून मोकळा व्हायचा. धडधाकट लोकांना घाबरवून सोडलं त्यानं. मग कुणीतरी विजेची वाट धरली. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीक लहर असते. दवाखान्यात छातीला तारा चिकटवून कागदावर जी डोंगररांग काढतात, ती या लहरीचीच. ती दोन्ही मनगटांपर्यंत पोचते. डाव्या हातात एक आणि उजव्या हातात एक अशी धातूची दोन कडी घातली, की मधल्या छातीत काय चाललंय ते त्यांना कळतं. त्यांना जोडायला तार लागत नाही. आपलं अंग हीच त्यांची तार. पुरुषांसाठी काळी कडी निघाली आणि बायकांसाठी सोनेरी मुलाम्याच्या पाटल्या. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला योजनेतून फुकट.

फुकटची वस्तू शेवटी काय मागते, हे आपल्याला कधी कळणार कोण जाणे. पाटल्यांचा आकडा योजनेकडं जातो, तिथून घरच्यांकडं जातो, आणि आकड्याप्रमाणं तुम्ही हिरवे, पिवळे नाहीतर लाल ठरता. मी माझ्या पाटल्या त्या आठवड्यातच घालायला लागले होते आणि एका दुपारीत हिरव्याची लाल झाले.

घरी आले तर धैर्यशील दारातच उभा. माझा मुलगा कागलच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करतो. काम टाकून आला होता.

"आई, आधी बस."

"बसायला काय झालंय मला?"

"दोनशे चौसष्ट! कळतंय का तुला? तुझ्या वयाला एकशे साठ म्हणजे डोक्यावरनं पाणी."

"मग मी उभी कशी हाय तुझ्यापुढं?"

"बाबा पण उभेच होते की."

त्याचे वडील पन्हाळ्याच्या चढावर, मित्रांबरोबर हसत बोलत चालताना गेले. तेव्हा पाटल्या-कडी काही नव्हतं. असतं तर बाबा वाचले असते, असं त्यानं मनात घट्ट धरून ठेवलंय. त्याचं चुकतंय असं मला कधी म्हणवलं नाही. मी बसले.

आणि मग बसलेच. लाल माणसाचं जिणं काय असतं ते ऐका. स्कूटर पंधरावर. आमच्या मजल्याचा जिना चढायला लागले की पाटल्या कुईकुई करणार. अंबाबाईच्या दर्शनाला गेले तर लाल खूण बघून तिथल्या एका पोरीनं मला धरून चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि ढकलत नेलं. मी देवीपुढं हात जोडून तिच्याऐवजी त्या पोरीचीच क्षमा मागितली, कारण मनात फार वाईट शिव्या आल्या होत्या. धैर्यशीलनं पाण्याचा हंडा माझ्या हातातून काढून घेतला. शेजारीण दारात येऊन "कसं वाटतंय आता?" असं ज्या आवाजात विचारायची, तो आवाज आपण मयताच्या घरी काढतो. विधवेनं फुगडी खेळू नये म्हणणाऱ्या बायका आमच्या पेठेतून कशाबशा संपल्या, तर त्यांच्या जागी हा धातू आला.

हो, फुगडी बंद. हे सगळ्यात वाईट. गौरीच्या आधी आमच्याकडं झिम्मा-फुगडीची मोठी स्पर्धा असते. पेठापेठांची मंडळं उतरतात. आमचं रणरागिणी मंडळ दोन वर्षं दुसरं येत होतं आणि यंदा आम्ही पहिलं यायचंच म्हणून जिवाचं रान केलं होतं. लाल माणसाला स्पर्धेत उतरता येत नाही. संयोगिता आणि मी, आम्हा जावाजावांची जोडी म्हणजे मंडळाचं नाक. ती मला भेटायला वर आली, खाटेच्या कडेला बसली आणि घाबरीघुबरी होऊन माझ्याकडं बघत राहिली.

"आक्का, तुम्हाला काय व्हतंय का खरंच?"

"मला काय धाड भरलीय? त्या पाटल्यांना झालंय काय ते."

"मग दवाखान्यात नीट सांगा की."

सांगितलं की! तीन दवाखान्यांत सांगितलं. पहिल्या ठिकाणी ट्रेडमिलवर पळवलं. नाडी एकशे अठरा, सुतासारखी सरळ. "विश्रांतीनंतर बरं वाटतंय," असं त्यानं लिहिलं. दुसऱ्यानं पुन्हा पळवलं, पुन्हा एकशे अठरा. "झटका अधूनमधून येतो." तिसरा म्हणाला, "काकू, यंत्र खोटं का बोलेल?" मी म्हणाले, "आमच्या डेपोतलं तिकिटाचं यंत्र गारगोटीच्या माणसाला रत्नागिरीचं तिकीट द्यायचं, ते काय गंगाजळ पिऊन?" तो हसला आणि त्यानं उपाय लिहून दिला. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि विजेची जी वाट बिघडलीय ती आतल्या आत जाळून टाकायची. हल्ली सोपं झालंय म्हणे, दुसऱ्या दिवशी घरी. धैर्यशीलनं मला न विचारता तारीख घेतली.

न सापडलेलं दुखणं जाळायला निघाले होते. माझी चिडचिड झाली. पण खरं सांगते, चिडीच्या खाली भीतीही होती. इतकी माणसं एका तोंडानं तू आजारी आहेस म्हणायला लागली, की आपण निजताना छातीवर हात ठेवून बघतोच.

तारेचं काम करणार होती डॉक्टर मृण्मयी कित्तूर. गडहिंग्लजकडची पोरगी, तिशी-पस्तिशीची, केस आखूड, डोळ्यांत झोप साठलेली. त्याआधीच्या तपासणीला मी तिच्यासमोर बसले. तिनं पडद्यावरची माझी माहिती वरखाली केली आणि विचारलं, "काकू, हे 'इतर तीव्र व्यायाम' म्हणजे नेमकं काय करत होता तुम्ही?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पाटल्यांना धावणं कळतं, पोहणं कळतं, योगासनं कळतात. त्या जिथं घडल्या तिथं फुगडी नसणार.

"फुगडी," मी म्हणाले.

"प्रत्येक वेळी फुगडीच?"

"झिम्म्याला पण दमतोच की आम्ही. पण हे रामायण घडतंय ते फुगडीतच. आता तुम्ही विचारलं म्हणून ध्यानात आलं."

ती खुर्ची मागं सारून उठली. "दाखवा बघू."

"एकटीनं फुगडी कशी घालणार बाई? समोर कुणीतरी नको?"

"मी आहे ना. आजीकडं खूप खेळलेय."

तिनं पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला, हातांची कैची केली आणि पुढं केली. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट माना लांब करून बघत होते. आम्ही पाय जुळवले, मागं झुकलो आणि चार-पाच फेऱ्या घेतल्या. दवाखान्याची गुळगुळीत फरशी, काय छान फिरलो! टेबलावरचा पडदा बोंबलायला लागला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"थांबा," ती म्हणाली. "हात सोडू नका. नुसत्या उभ्या राहा."

आम्ही हातात हात घेऊन उभ्या. आकडा हळूहळू उतरून एकशे बासष्टवर थांबला. तिनं माझे हात सोडले. आकडा धपकन चौऱ्याऐंशीवर आला. पुन्हा धरले, एकशे बासष्ट. सोडले, चौऱ्याऐंशी. तिनं स्वतःच्या मानेवर दोन बोटं ठेवून घड्याळाकडं बघितलं.

"माझे अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. हसताना तिची झोप कुठल्या कुठं गेली. "काकू, पाटल्या माझे पण मोजतायत!"

मग तिनं मला समजावून सांगितलं. पाटल्यांच्या हिशेबात माझ्या डाव्या मनगटापासून उजव्या मनगटापर्यंत एकच वाट, माझ्या छातीतून जाणारी. फुगडीत मी दोन्ही हात समोरचीच्या दोन्ही हातांत दिले, तळवे घामानं ओले, पकड घट्ट. त्याबरोबर दुसरी वाट उघडली. माझ्या डाव्या हातातून तिच्या हातात, तिच्या छातीतून फिरून तिच्या दुसऱ्या हातानं परत माझ्याकडं. पाटल्यांना दोन हृदयांच्या लहरी एकदम दिसायला लागल्या. दोन बायका अशा गोल बांधल्या जातात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी दोघींची बेरीज केली आणि माझ्या नावावर टाकली.

मला नाचावंसं वाटलं. "म्हंजे मी ठणठणीत!"

"ठणठणीत. तारबीर काही नाही. लाल खूण मी आजच काढते." ती बसली आणि तिनं त्या दोनशे चौसष्टच्या दिवसाचा मूळ आलेख उघडला. आजवर सगळ्यांनी नुसता आकडा वाचला होता, चित्र कुणी पाहिलंच नव्हतं. डोंगर एकमेकांत घुसलेले. तिनं यंत्राला सांगून दोन हृदयं वेगळी केली, एक वर, एक खाली. वरची रांग माझी होती, घड्याळासारखी, एकशे अठरा. खालची बघून तिचं हसू विरलं.

ती रांग बघायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. घाईत भाकऱ्या थापाव्यात तसे ठोके होते. दोन पटापट, मग एक उशिरा, मग तीन एकदम. एकशे सेहेचाळीस.

"समोर कोण होतं?" तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला. "नको. नाव सांगू नका. नाव कळलं तर मला ते योजनेला कळवावंच लागतं, तसा नियम आहे. त्या स्वतःच्या पायानं माझ्याकडं आल्या, तर त्या माझ्या पेशंट. मग मी आधी औषध देईन, खुणांचं नंतर बघू."

"काय झालंय तिला?"

"हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, गुठळी होते. ती गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू. गोळ्यांनी हे खूपसं आवरतं, काकू. साध्या गोळ्या. पण गोळ्या सुरू होईपर्यंत फुगडी नाही. आणि लवकर आणा त्यांना."

घरी परत येताना स्कूटर चाळीसनं पळाली. वाऱ्यानं पदर उडत होता आणि मला रडू फुटत होतं. खालची रांग कुणाची, हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. मी फुगडी फक्त संयोगिताबरोबर खेळते.

ती आमच्याच घरात, खालच्या मजल्यावर राहते. पेठेतलं घर, वर आम्ही, खाली दीर-जाऊ. ती ओट्याशी मिरच्या निवडत होती.

"पाटल्या कुठं आहेत तुझ्या?" मी दारातूनच विचारलं.

"कपाटात. घामानं खाज सुटतीया." हे ती सरावाला नेहमीच म्हणायची. फुगडीच्या आधी पाटल्या काढून पर्समध्ये टाकायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

"संयू, छातीत धडधडतंय ना तुझ्या?"

तिचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

मी सगळं सांगितलं. फरशीवरची फुगडी, दोन वाटा, वरची रांग, खालची रांग. ती ऐकत राहिली आणि मिरच्यांचे देठ मोडत राहिली. शेवटी म्हणाली, "चार महिने झाले. अदनंमदनं व्हतंय. जातंय आपोआप."

"आणि बोलली नाहीस? मला लाल करून बसवलं, माझ्या छातीत तार घालायला निघाले, तरी तू गप?"

"मला कुटं ठावं व्हतं ती माझी धडधड हाय म्हणून! मला वाटलं, तुम्हाला पण झालं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आणि मग बघितलं की मी, लोकांनी तुमचं काय केलं ते. खुर्चीत घालून देवळात न्हेलं. हंडा उचलू देईनात. आक्का, तुम्ही अख्खा जिल्हा बघितलासा. मी लगीन होऊन आलो ती या ओट्याशी. आठवड्यातनं तीन दिवस त्या हॉलमधी जातो, तेवढंच माझं. ते बी गेलं तर मी काय करू? भिंतीकडं बघत बसू?"

आमच्या कोल्हापुरात बायका "मी जातो, मी बसतो" असंच बोलतात; तिच्या तोंडी ते त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

"गोळ्या आहेत त्याला," मी म्हणाले. "साध्या गोळ्या. ती डॉक्टर चांगली हाय. नुस्तं चल."

"स्पर्धा होऊ दे. मग येतो."

"तोवर फिरायचं नाही तुला."

"कोण तुम्ही मला सांगणार?"

"मरशील अशानं!"

"मरंन तर फुगडी घालत मरंन!"

माझ्याच तोंडून मला धैर्यशील ऐकू यायला लागला. तोच आवाज, तीच घाई, 'आधी बस'सुद्धा म्हणून झालं. मला स्वतःचा राग आला आणि तिचा त्याहून जास्त आला. ती म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरीबरोबर उतरेन, बायकांना काय तोटा आहे? आणि दिराला किंवा धैर्यशीलला एक शब्द सांगितलात तर पुन्हा तुमच्या पायरीला पाय लावणार नाही. ती नुसतं बोलून थांबणारी नाही, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी खाली गेले. रोज भांडण झालं. एकदा तिनं माझ्यासमोर दार लावून घेतलं. मी बंद दाराशी उभी राहून तिला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या आणि वर येऊन देवापुढं दिवा लावला.

आता तुम्ही म्हणाल, दिराला सरळ सांगून का नाही टाकलं? सांगितलं असतं तर त्यानं योजनेला कळवलं असतं, योजनेनं तिला लाल केलं असतं, आणि ती त्या डॉक्टरकडं खुर्चीतून ढकलत नेली गेली असती. मी त्या खुर्चीत बसून आले होते. जाऊबाईला त्यात बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि गप्प बसणंही जिवावर आलं होतं. यंत्रं काढणाऱ्यांनी लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग केले. या अवस्थेला एकही रंग ठेवला नाही.

स्पर्धेला मी उतरले ते एवढ्याचसाठी, की निदान तिच्यासमोर मी असेन. हळू फिरवेन, लवकर थांबवेन, असं मनाशी ठरवलं. मंगल कार्यालय तुडुंब भरलं होतं. तिसऱ्या रांगेत धैर्यशील बसला होता. आईची लाल खूण गेली म्हणून पेढे वाटून आला होता; ती कशी गेली, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. आमचा झिम्मा रंगला. घागर घुमली, सुपं नाचली. आमच्या खेळात मधूनमधून भांडणाचे प्रसंगही असतात, सासू-सुनेचे, सवती-सवतीचे. बायका कमरेला पदर खोचून एकमेकींचा उद्धार करतात आणि लोक शिट्ट्या मारतात. तेही झालं. मग जोडीच्या फुगडीची घोषणा झाली, आणि सगळ्या मागं सरून मधे आम्ही दोघीच उरलो.

संयोगितानं हातांची कैची करून पुढं केली. दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर होता. ओठ पांढरे पडले होते, आणि मानेवरची शीर, तुम्हाला सांगते, शीर नव्हतीच ती. पकडलेल्या पाखरासारखं काहीतरी तिथं फडफडत होतं. हळू फिरवेन म्हणे! फुगडीत हळू कोण फिरतं?

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"आक्का, हात द्या," ती हळूच म्हणाली.

"देत नाही."

फुगडीला पुढं आलेल्या हातांना नकार देणं म्हणजे आमच्यात भर पंगतीत ताट ओढून घेण्यासारखं. ती पांढरीफटक झाली. "लोकं बघायल्यात. द्या म्हणतो ना!"

"डॉक्टरकडं चल. आत्ता. मग देतो."

"स्टेजवर हे काढायलाय तुम्ही?"

"मग कुठं काढू? घरी तू दार लावतीस!"

समोरून पहिली शिट्टी आली. लोकांना वाटलं, हाही खेळच. माझा आवाज एसटीतला, संयोगिताचाही काही कमी नाही. टाळ्या सुरू झाल्या.

"माझं वाटोळं करायला बसलीयास तू!" ती ओरडली. तीस वर्षांत ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. "तुझं काय जातंय? तू फिरलीस, हिंडलीस, तुझं झालं सगळं! माझं एवढंच हाय, एवढं एकच, आणि तेच धरून बसलीयास!"

"तेच हवंय मला पण! पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, तुझ्याच बरोबर हवंय! बाकी कुणाबरोबर फुगडी घालायची नाही मला, कळलं का? एकीबरोबर पण नाही!"

सभागृहात हास्याचा कल्लोळ. कुणीतरी "वन्स मोर" ओरडलं. संयोगितानं चहूकडं बघितलं, आणि मग तिच्या तोंडून ते फुटलं, चार महिने दाबून ठेवलेलं.

"धडधडतंय माझ्या छातीत! जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येतीया! रात्री उठून बसतो मी! घाबरलोय मी, आक्का! झालं समाधान?"

लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतली परीक्षक बाई डोळे पुसत, मान डोलवत दाद देत होती. संयोगिता मधेच उभी, हात अजून पुढं, तशीच रडत. मी पाठीमागचे हात सोडले आणि तिचे धरले. फिरण्यासाठी नव्हे. तिचे तळवे थंड आणि ओले होते. "चल," मी म्हणाले. तिनं मान हलवली. पण तिचे पाय उचलेनात. माझ्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं आणि सगळं वजन माझ्यावर आलं.

माझ्या पाटल्या किंचाळायला लागल्या. धैर्यशील खुर्च्या ओलांडत, डोळे फोनवर, धडपडत स्टेजवर चढला. त्यानं माझा दंड घट्ट धरला, त्याचं तोंड उतरलं होतं. "आई! दोनशे नव्वद! आई, खाली बस, मी गाडी बोलावतो—"

"सोड मला!" मी त्याचा हात झटकला. "फोनात काय बघतोयस? अरे, मला नाही काही झालेलं. काकीकडं बघ तुझ्या. तिला धर!"